पानावरचं यीस्ट म्हणजे रोग नव्हे

पाऊस सुरू झाल्यापासून आमच्या करवीर-पन्हाळ्याकडच्या ऊसवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "पानावर यीस्ट म्हणजे रोगाची सुरुवात. दर १५ दिवसांनी बुरशीनाशक मारून पान निर्जंतुक ठेवा. चांगलं यीस्ट हवंच असेल तर बेकरीचं यीस्ट गुळाच्या पाण्यात कालवून फवारा." तो वाचून आमच्या तात्यांनी पंप बाहेर काढला, म्हणून हे लिहितोय. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि घरी ऊस आहे.

पहिली गोष्ट, यीस्ट ही एकेकट्या पेशींनी वाढणारी बुरशी, पण यीस्ट म्हणजे रोग नव्हे. तांबेरा या पानावरच्या रोगाची बुरशी पर्णरंध्रातून आत घुसून जिवंत पेशींतलं अन्न ओढते. पानावरची बहुतेक यीस्टं आत शिरतच नाहीत. पानातून पाझरणारी थोडी साखर, माव्याचा चिकटा, वाऱ्यावर आलेले परागकण यांवर ती जगतात. पानावर काळा थर चढतो ती काजळी, चिकट्यावर वाढणारी वेगळीच बुरशी. तिथं बंदोबस्त माव्याचा करायचा. काणी या उसाच्या दुसऱ्या रोगाची बुरशी मात्र आयुष्याचा एक टप्पा यीस्टसारख्या रूपात काढते, हे मान्य. पण ती शिरते उसाच्या कांडीवरच्या डोळ्यातून, म्हणजे कोंबातून. तिच्यासाठी बेणेप्रक्रिया करा, म्हणजे लावणीआधी बेण्यावरच उपचार करा, काणीचं बेट उपटून टाका. पान धुऊन काय होणार?

मागच्या आठवड्यात शेतातलं चांगलं हिरवंगार पान आणलं. त्याचा तुकडा पेट्री डिशच्या झाकणाला आतून व्हॅसलिननं चिकटवला, खाली अगर, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायचा जेलीसारखा थर. तिसऱ्या दिवशी अगरवर फिकट गुलाबी ठिपके उठले, हुबेहूब त्या तुकड्याच्या आकारात. कडेला किडीनं कुरतडलेली खाचसुद्धा खाली उतरली होती! ही यीस्टं आपले बीजाणू उडवून फेकतात. क्लायव्हर आणि व्हान नील या डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९२४ साली अशाच यीस्टांना स्पोरोबोलोमायसिस नाव दिलं. आरशातल्यासारखी छबी उमटते म्हणून त्यांना आरसा-यीस्टही म्हणतात. तो गुलाबी रंग कॅरोटिनॉइडचा, गाजरातल्या रंगाच्या जातीचा. उघड्या पानावर भर उन्हात टिकायला तो कामी येतो.

बेकरीचं यीस्ट मुळात पानावरचं रहिवासी नाही. ते या उन्हात, कधी ओल्या कधी कोरड्या पानावर तग धरेल याचा भरवसा नाही. राहिला गूळ. तो पानावर मारला की काजळीलाच जेवण वाढलं. आपल्या कोल्हापुरात गुळाची ही नासाडी मला बघवत नाही.

आणि निर्जंतुक पान? ते शेतात राहूच शकत नाही, हवेतून बीजाणू रोज उतरतात. सरसकट बुरशीनाशकानं रोगाच्या बुरशीबरोबर ही यीस्टंही मरतात. मग जी साखर ती खाऊन टाकत होती, ती पानावर पडून राहते आणि नव्यानं येणाऱ्या कुणालाही मिळते, त्यात रोगकारकही आले.

तात्यांना ती डिश दाखवली. त्यांनी ती बराच वेळ उजेडात धरून बघितली आणि पंप परत माळ्यावर ठेवला. तांबेरा दिसलाच तर कृषी सहायकांना पान दाखवायचं आणि ते सांगतील तेवढीच फवारणी करायची, असं ठरलंय.