व्याणे, शीग आणि कळस: विश्रामबागच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तडकाफडकी चार ओळी टंकून ठेवल्या. पाठवल्या नाहीत ते बरं झालं. त्यात नुसता राग होता, आणि तुमचा एक आक्षेप खरा आहे हे कबूल करायची तेव्हा तयारी नव्हती. आज जेवणं उरकली, पोरगी झोपली, आता निवांत लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. जन्म, निर्मिती आणि शिखर गाठणं यांसाठीची स्पॅनिश क्रियापदं मराठीत आणताना काय काय होतं ते मागच्या लेखात लिहिलं होतं, नमुन्याला मीच रचलेली वाक्यं घेऊन. त्यावर काकांचं म्हणणं असं: आईच्या तोंडी ‘व्यालेय’ घालणं हा मातृत्वाचा अपमान आहे, ‘जन्म देणे’ असा स्वच्छ शब्द असताना तो टाळायचं कारण काय, ‘शिगेला पोचणे’ हे वर्तमानपत्री मराठी, तिथे ‘परमोच्च बिंदू गाठणे’ हवं होतं, आणि एका क्रियापदाला पाच-पाच मराठी शब्द वापरणं ही मूळ भाषेशी बेइमानी आहे. शेवटी ‘शब्दकोश उघडून पाहण्याची तसदी घ्यावी’ असंही सुनावलंय.

शब्दकोश रोज उघडते हो. अडचण त्याच्यानंतरच सुरू होते.

‘पारीर’ घ्या. पिल्लू पोटात वाढवणाऱ्या कुठल्याही मादीला स्पॅनिशमध्ये हे एकच क्रियापद लागतं. गाईला तेच, मांजरीला तेच, बाईलाही तेच. बाईबद्दल चारचौघांत अदबीनं बोलायचं असलं तर ‘दार आ लूस’ म्हणतात, त्याच्याकडे येतेच. पण ‘पारीर’ रांगडं आहे, त्याला रक्तामातीचा वास आहे. मराठीत मात्र घरं वाटून दिलेली आहेत. म्हैस व्याते, मांजर पिल्लं घालते, बाई बाळंत होते. म्हशीचं दुसरं वेत असतं, बाईचं दुसरं बाळंतपण. म्हैस गाभण आणि बाई दोन जिवांची. तेव्हा ‘पारीर’ मराठीत आणताना मला दार निवडावंच लागतं, आणि ते मी ठरवत नाही, वाक्य ज्याच्या तोंडी आहे तो माणूस ठरवतो.

माझं वाक्य होतं: ‘आ ती ते पारी यो.’ बाजारात भाजी विकणारी बाई, तिशीतला पोरगा गिऱ्हाइकांसमोर तिच्यावर ओरडतोय, आणि ती त्याला हे ऐकवते. मी लिहिलं, ‘तुला मी व्यालेय.’ तुम्ही सुचवलंत, ‘मी तुला जन्म दिला आहे.’ काका, सांगलीच्या गणपती पेठेत इतकी वर्षं बाजार करते. भर दुपारी, समोर मेथीची जुडी सुकत असताना ‘मी तुला जन्म दिला आहे’ म्हणणारी बाई मला अजून भेटलेली नाही. ‘जल्माला घातलाय मी तुला’ म्हणेल. तेही मी लिहून पाहिलं होतं. पण त्यात थोडी माया उरते, आणि या पोराला त्या क्षणी माया द्यायची तिची इच्छा नाही.

अपमानाचं म्हणाल, तर आपल्याकडचं जुनं आव्हान आठवा. ‘माझ्या बांधाला हात लावायला कुणाची माय व्यालीय?’ ही माय म्हैस आहे का? बाईच आहे, आणि या वाक्यात तिचा दरारा आहे. तसला पोरगा पैदा करणारी बाई अजून व्हायचीय, असा त्याचा अर्थ. स्पॅनिशमध्येही ‘तुला व्यालेली आई’ अशी एक हाळी आहे. ती शिवी म्हणून चालते आणि जिवलग मित्राच्या पाठीत थाप मारतानाही चालते. दोन्हीकडे हा शब्द गोठ्यातून माजघरात आलेला आहे. त्याला परत गोठ्यात बांधा, असं तुमचं म्हणणं आहे, एवढंच.

‘दार आ लूस’बद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. शब्दशः ते ‘उजेडाला देणे’. बाळाला उजेड द्यायचा नसतो, बाळ उजेडाला द्यायचं असतं. नवशिके इथे हमखास उलटं करतात. हाच वाक्प्रचार पुस्तक छापून बाहेर काढण्यालाही लागतो, आणि आपण त्याला म्हणतो प्रकाशन! म्हणजे पुस्तकाच्या बाबतीत दोन्ही भाषांना एकच दिवा सापडला, बाळाच्या बाबतीत नाही. आपल्याकडे बाळंतीण ‘मोकळी झाली’, ‘सुखरूप सुटका झाली’. स्पॅनिश बाळाकडे बघते, मराठी आईकडे. म्हणून साध्या वाक्यात मी उजेड बिनदिक्कत सोडून देते आणि ‘बाळंत झाली’ लिहिते. (आपल्याकडे उजेड पाडतात तो वेगळाच. दहावीचा निकाल लागला की माझे वडील विचारायचे, ‘काय उजेड पाडलात?’)

‘आलुम्ब्रार’ला मात्र तो सोडता येत नाही. दिवा दाखवणे आणि बाळंत होणे, दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात. ‘आलुम्ब्रो आ ओस्कुरास’ म्हणजे ती अंधारात बाळंत झाली, पण स्पॅनिश कानाला ऐकू येतं की तिनं अंधारात उजेड केला. इथे ‘बाळंत झाली’ लिहिलं तर वाक्य विझतं. मी ‘अंधारातच तिनं लेकराला उजेड दाखवला’ असं केलं, आणि ते तुम्हाला चाललेलं दिसतंय.

याच ‘आलुम्ब्रार’चा आणखी एक अर्थ जत-कवठेमहांकाळकडच्या दुष्काळी भागातल्या लोकांना सांगितला की त्यांचे डोळे चमकतात: जमिनीखालचं पाणी वर काढणे. मामाच्या रानात बोअर मारताना मी उभी होते. आधी पांढरी भुकटी, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. कितीतरी वेळ नुसती भुकटीच. मग ती जरा काळपट झाली, गाडीवाल्यानं चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि काही बोलला नाही. मग चिखल. मग फवारा. मामी आत पळाली ती नारळ घेऊनच आली. तिथे कुणी म्हणालं नाही, पाण्याचा जन्म झाला किंवा पाणी प्रकाशात आलं. म्हणाले, ‘लागलं!’ आता सांगा, इथे कोशातला पहिला अर्थ लिहून इमान राखू का?

‘नासेर’चंही तसंच. स्पॅनिशमध्ये पोर, नदी, हरभरा आणि नाटक सगळेच ‘नासेर’ करतात. आपली कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, हरभरा उगवतो, आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा सांगलीत मराठी रंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली गेली. एका क्रियापदाला तीन शब्द झाले, आणि यातला एकही काढून दुसऱ्याच्या जागी बसवून दाखवा. स्पॅनिशमध्ये एखादी वाट किंवा ओहोळ जिथे संपतो तिथे तो ‘मरतो’. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, त्या संगमावर उभं राहून ‘वारणा इथे मरते’ म्हणून बघा, घाटावरची माणसं काय म्हणतात ते मला कळवा.

पण एक जागा अशी आहे जिथे मराठी आणि स्पॅनिश गळ्यात गळे घालतात, आणि तुमच्या ‘जन्म देणे’नं नेमकी तीच बुजते. ‘ले नासिओ उना इहा.’ तिला मुलगी झाली. ‘ले’ म्हणजे ‘तिला’. स्पॅनिशमध्येही मुलगी तिला होते, आईनं काही ‘दिलं’ असं वाक्यात नाहीच. शब्दाला शब्द, विभक्तीला विभक्ती. असं आयतं जुळून आलेलं असताना ‘तिने मुलीला जन्म दिला’ लिहायचं? ते मराठी चूक नाही, पण मला ते दवाखान्याच्या दाखल्यासारखं वाटतं.

‘क्रेआर’ आणि ‘क्रिआर’वर फार थांबत नाही. दोघं एकाच लॅटिन आईची लेकरं. एक शिकून निर्मितीच्या गावाला गेलं, दुसरं घरीच राहिलं आणि पोरं-कोंबड्या सांभाळू लागलं. ‘कावळे पोसा, ते तुमचेच डोळे फोडतील’ या म्हणीत ‘क्रिआर’ आहे; आपण सापाला दूध पाजतो. पिंपात ठेवलेल्या वाइनलाही ‘क्रिआन्सा’ म्हणजे संगोपन म्हणतात. ते मी ‘मुरवणे’ केलं, कारण लोणच्याची बरणी सांभाळणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं. ‘यो क्रेओ’ म्हणजे ‘मी निर्माण करतो’ आणि ‘मला वाटतं’ असं दोन्ही होतं. कवींनी त्यावर खेळ करावा, अनुवादकानं डोक्याला हात लावावा.

आता शीग. इथे तुम्ही बरोबर आहात, फक्त कारण चुकलंय.

वाक्य ‘कुल्मिनार’चं होतं आणि मी लिहिलं, ‘तिचं सात वर्षांचं काम शिगेला पोचलं.’ चूक. पण वर्तमानपत्री म्हणून नव्हे. शीग हा वर्तमानपत्राचा शब्दच नाही, तो खळ्याचा आहे. आजी पायलीनं ज्वारी मोजायची. डावा हात मापाच्या काठाला लावलेला, उजव्यानं धान्य ओतत राहायचं. माप भरलं तरी ती थांबायची नाही. वर टोक चढायचं, आणि दाणे कडेनं घरंगळायला लागले की ती म्हणायची ‘लाभ’. पहिल्या मापाला एक नाही म्हणायचं. मग दोन, मग तीन. ते वरचं टोक म्हणजे शीग. ती टिकत नाही, हात हलला की ढासळते. म्हणून भांडण शिगेला पोचतं, उत्सुकता शिगेला पोचते. जे आता सांडणार आहे ते शिगेला पोचतं. सात वर्षांचं काम सांडायचं नव्हतं.

गंमत अशी की स्पॅनिशमध्ये हुबेहूब शीग आहे. ‘कोल्मो’ म्हणजे मापाच्या काठावर चढलेली रास. ती उतरवायच्या दांडीला ‘रासेरो’ म्हणतात, आणि ‘सगळ्यांना एकाच रासेरोनं मोजणे’ म्हणजे भेदभाव न करणे. तर ‘कोल्मो’ला मी ‘शीग’ लिहून मोकळी व्हायला हवी होते ना? नाही. ‘एस्तो एस एल कोल्मो’ हे चिडलेल्या माणसाचं वाक्य. आपण चिडलो की म्हणतो, ‘हा तर कळस झाला!’ म्हणजे चित्र शिगेचं, पण वापर कळसाचा. मी कळसच लिहिते. पाया कुणी घातला आणि कळस कोण झाला हे ज्या भाषेत पोराटोरांना पाठ आहे, त्याच भाषेत निर्लज्जपणाचाही कळस होतो, त्याला मी काय करू.

मग ‘कुल्मिनार’? मूळ अर्थ माथ्यावर पोचणं, पण स्पॅनिशमध्ये लोक अभ्यास, बांधकाम, वाटाघाटी ‘कुल्मिनार’ करतात, म्हणजे पूर्ण करतात. तुमच्या ‘परमोच्च बिंदू’नं भूमितीचा तास आठवतो. दोन दिवस विचार केल्यावर जे लिहायला हवं होतं ते सापडलं: ‘तिनं सात वर्षांचं काम तडीस नेलं.’ आणि मग लक्षात आलं की स्पॅनिश माणूस काम पुरं करायला डोंगर चढतो आणि आपण नदी ओलांडतो. तड म्हणजे काठ. पार पाडणं म्हणजे पलीकडच्या काठाला लावणं. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९चा, त्याच्याआधी सांगलीला पैलतीर गाठायचा तर नावच होती. या शब्दासाठी मला शब्दकोश नाही, घाटाच्या पायऱ्या बघायला हव्या होत्या.

शेवटचं ‘कोरोनार’. नाव ऐकून दचकू नका, मुकुट घालणे एवढाच अर्थ. गिर्यारोहक शिखराला ‘कोरोनार’ करतो, आपण शिखर सर करतो, जणू किल्लाच. सायकलपटू खिंडीला ‘कोरोनार’ करतात, तिथे मी ‘घाटमाथा गाठला’ लिहिते. पण इथल्या दंडोबाच्या डोंगरावर जाऊन आलेला माणूस ‘दंडोबा सर केला’ म्हणाला तर घरचे हसतील, तो ‘चढून आलो’ म्हणतो. बुद्धिबळात प्यादं शेवटच्या पट्टीत पोचलं की तेही ‘कोरोनार’. तुम्ही सांगलीकर, पटावर बसलेले असणार. ‘प्याद्याला मुकुट घातला’ असं कुणी म्हटलं तर पट उधळाल. त्यांच्या पटावर राजाशेजारी राणी, म्हणून मुकुट शोभतो. आपल्याकडे तिथे वजीर आहे आणि वजिराला मुकुट नसतो. प्याद्याचा वजीर होतो, बस्स.

आणि हेच क्रियापद बाळंतपणात येतं. बाळाचं डोकं पहिल्यांदा दिसतं त्याला स्पॅनिशमध्ये ‘कोरोनार’ म्हणतात. जन्म आणि शिखर या दोन्हींचं एकच क्रियापद. माझ्या वेळी सिस्टर पायाशी उभ्या होत्या. मुकुटाबिकुटाचं नाव नाही. त्या म्हणाल्या, ‘डोकं दिसतंय, आता जोर करा.’ त्या वाक्याचा अनुवाद करायची वेळ आली तर मी हेच लिहीन.

मागच्या लेखातलं ‘शिगेला’ काढून ‘तडीस नेलं’ केलंय, खाली दुरुस्तीची नोंदही टाकलीय. ‘व्यालेय’ आहे तिथेच आहे.