गाळ नको, अहवाल धुवा

तुमच्या कारखान्याचा पाइप खाडीत सुटतो आणि आता तळाच्या गाळात पारा, शिसे, कॅडमियम किती साचलंय असं कोणीतरी विचारतंय? घाबरू नका. गाळातला धातू कुजत नाही, विरत नाही, हे खरं. पण अहवाल धुता येतो, आणि साहेबलोक खाडीत उतरत नाहीत, अहवालच वाचतात.

गाळाचा विषय निघाला की पाण्याचे आकडे पुढे करा. ते बहुधा कमीच येतात. नदीचं गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की त्यातल्या बारीक कणांच्या गुठळ्या होऊन त्या खाली बसतात, आणि अंगाला चिकटलेले धातूही सोबत नेतात. म्हणजे पाणी निसर्गानेच फुकटात गाळून दिलंय. बाटली वरच्यावर भरा. खाली कशाला वाकायचं?

तरीही कोणी हट्टाने गाळच मागितला, तर वाळू द्या. धातू धरून ठेवते ती चिकणमाती, सेंद्रिय पदार्थ आणि लोह-मँगनीजची ऑक्साइडं. भरड वाळूला धातूंचं फारसं सोयरसुतक नसतं. तेव्हा प्रवाह जोराचा असेल तिथून नमुना उचला. काही खवचट मंडळी 63 मायक्रॉनच्या चाळणीतून पडलेला बारीक भाग वेगळा तपासतात, वर ॲल्युमिनियमशी गुणोत्तरही काढतात. त्यांना समितीवर घेऊ नका.

खरी कला मात्र भाजक निवडण्यात आहे. 1969 मध्ये म्युलर या शास्त्रज्ञांनी भू-संचय निर्देशांक मांडला. गाळातल्या धातूच्या प्रमाणाला त्याच्या नैसर्गिक प्रमाणाच्या दीडपटीने भागायचं आणि उत्तराचा 2 या पायावरचा लॉगरिदम घ्यायचा. शून्य किंवा त्याखाली आलात की तुम्ही 'अप्रदूषित'. ही दीडपट नैसर्गिक चढउतारांसाठी ठेवलेली आहे, तुमच्यासाठी नव्हे. पण मिळाली तर घ्यावी. आता 'नैसर्गिक' म्हणून कुठला गाळ धरायचा? तुमच्याच पाइपाखालचा धरा. गाळातलं आणि 'नैसर्गिक' अशी दोन्ही प्रमाणं सारखी झाली की निर्देशांक उणे 0.58 येतो, मग त्या गाळात शिसं कितीही असो. गणितात कुठेही चूक नाही, कोणी बोट दाखवू शकणार नाही.

खोल थर उकरायची परवानगी मात्र देऊ नका. गाळ थरावर थर साचतो आणि लेड-210 या शिशाच्या किरणोत्सारी प्रकारावरून प्रत्येक थराचं वय काढता येतं. तुमचा कुठला विभाग केव्हा सुरू झाला, हे तिथे तुमच्या दप्तरापेक्षा नीट लिहिलेलं सापडेल. शिंपले तपासायचा प्रस्ताव आला तर निधी नाही म्हणा. शिंपल्यांना निर्देशांक कळत नाही, ते जे आहे ते खातात.

आकडा फारच हट्टी निघाला तर बंदर खोल करायला घ्या. प्राणवायू नसलेल्या चिखलात बरेचसे धातू सल्फाइडांत अडकून पडलेले असतात. उपसून हवा लागली की त्यातले काही सुटतात आणि ओहोटीबरोबर पुढे जातात. तुमच्या हद्दीतला आकडा घटतो; पलीकडच्यांनी आपला अहवाल आपण बघावा.

हद्द बदलण्यात जपानच्या चिस्सो या रसायन कंपनीचा हात धरणारं कोणी नाही. तिच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने मिनामाता या किनाऱ्यावरच्या गावात माणसं आजारी पडली, आणि 1956 मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. 1958 मध्ये कंपनीने सांडपाण्याचं तोंड उपसागरातून काढून मिनामाता नदीच्या मुखाकडे वळवलं. मग त्या बाजूलाही माणसं आजारी पडू लागली. 1959 मध्ये शुद्धीकरण यंत्र थाटात सुरू झालं. ते सेंद्रिय पारा काढण्यासाठी बांधलेलंच नव्हतं. उद्घाटन मात्र झालं.

मुदत मागताना पुढचा हिशेब जोडायला विसरू नका. पाऱ्याचं सांडपाणी 1968 मध्ये थांबलं, उपसागरातला गाळ काढायचं आणि भराव घालायचं काम 1977 मध्ये सुरू झालं आणि 1990 मध्ये संपलं. एवढ्या अवधीत तुमची बढती, बदली आणि निवृत्ती, तिन्ही आरामात बसतात.