दिवाळीतलं एक खेळणं: दरवर्षी फिरणाऱ्या आवाहनाला उत्तर

नवरात्र संपलं की ते आवाहन फिरायला लागतं. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर, ऑफिसात. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच. या दिवाळीत गरीब मुलाला एक खेळणं द्या, त्याचं आयुष्य बदलेल. तुमच्याकडे पडून असलेली जुनी खेळणी त्याच्या कामी येतील. पैसे देऊ नका, ते दारूत जातात, वस्तूच द्या. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू बघा. आणि काहीच न देण्यापेक्षा एवढं तरी करा. खाली खेळणी जमा करायची जागा, शेवटची तारीख आणि मागच्या वर्षीचे फोटो.

हे पाठवणारी माणसं मनापासून पाठवतात. मी स्वतः अशा वाटपांत राबले आहे, त्यामुळे त्यामागची धावपळ मला ठाऊक आहे. पण या मजकुरातलं एकेक विधान तपासून पाहिलं तर बहुतेक टिकत नाहीत. ज्या मुलांच्या नावाने ते फिरतं त्यांच्या पदरात त्यामुळे कमी पडतं, म्हणून हे लिहिते आहे.

त्याआधी एक खुलासा. "पोटाला नाही आणि खेळणं कशाला? वह्या द्या, धान्य द्या," असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. खेळ ही मुलाची गरज आहे, चैन नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं ३१ वं कलम खेळण्याचा हक्क मान्य करतं आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. गरिबाच्या पोराने फक्त उपयोगाच्या वस्तूंवर समाधान मानावं ही अपेक्षा मला क्रूर वाटते. माझा आक्षेप खेळण्यावर नाही, ते ज्या पद्धतीने दिलं जातं तिच्यावर आहे.

"एका खेळण्याने मुलाचं आयुष्य बदलतं."

खेळण्याने आयुष्य बदलल्याचा पुरावा खरोखरच आहे, आणि तो पाहिला की या वाक्यात काय हरवलंय ते दिसतं. १९८६-८७ मध्ये जमैकाच्या किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग सुरू केला. वयाच्या मानाने उंची खुंटलेली, ९ ते २४ महिन्यांची सव्वाशेच्या आसपास मुलं त्यात होती. काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जात. असं दोन वर्षं चाललं. त्यांच्या पिशवीत टाकाऊ वस्तूंपासून हाताने बनवलेली खेळणी असत. सेविका आईला शेजारी बसवून मुलाशी खेळायची, मग आईला खेळायला लावायची. निघताना खेळणं घरीच ठेवायची आणि पुढच्या आठवड्यात ते परत घेऊन दुसरं द्यायची. वीस वर्षांनी ही मुलं कमावती झाली तेव्हा त्यांची कमाई हा खेळ न मिळालेल्या मुलांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाली. हे निष्कर्ष २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. ज्यांना नुसता पूरक आहार दिला होता, त्यांच्या कमाईत असा फरक पडला नव्हता. पुढे कोलंबियात आणि आपल्या ओडिशातही हीच पद्धत वापरून पाहिली गेली आणि मुलांच्या आकलनात सुधारणा दिसली.

म्हणजे खेळण्याची किंमत जवळजवळ शून्य होती. किंमत होती ती दर आठवड्याला येणाऱ्या बाईची, तिच्या तासाची आणि त्या तासात आई मुलाशी जे बोलली त्याची. आपलं आवाहन नेमकं उलटं करतं: दुकानातली वस्तू देतं आणि माणूस वगळतं.

हे कळायला आपल्याला जमैकापर्यंत जायचीही गरज नव्हती. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथूनच त्यांच्या सोबत होत्या. महागडी माँटेसरी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, तर त्यांनी शंखशिंपले, चिंचोके, पानंफुलं, माती हीच साधनं केली. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली. १९५७ पासून कोसबाडला वारली या आदिवासी जमातीच्या मुलांसाठी काम सुरू झालं. गुरं राखणारी मुलं शाळेपर्यंत पोचत नव्हती, म्हणून शाळा कुरणात गेली. सगळा भर मुलाजवळ रोज कोण बसणार यावर होता, आणि म्हणूनच ते काम टिकलं. महाराष्ट्रात राहून हा धडा विसरणं मला फार लागतं.

"घरात पडून असलेली जुनी खेळणी त्यांच्या कामी येतील."

जमा झालेली पोती हॉलमध्ये जमिनीवर ओतली की काय निघतं ते सांगते. रिमोट नसलेल्या रिमोटच्या गाड्या. सोंगट्या आणि फासा हरवलेले ल्युडोचे पट. शंभर तुकड्यांचं कोडं, त्यातले किती आहेत ते कुणालाच माहीत नाही. एक हात नसलेल्या, केस कापलेल्या बाहुल्या. पोटातली बॅटरी गळून पांढरी पडलेली बोलकी अस्वलं. चांगल्या वस्तूही असतात, पण त्या निवडून, धुऊन, वयाप्रमाणे लावायला माणसं आणि दिवस लागतात, आणि वाटपाची तारीख तर उद्यावर आलेली असते. मग सगळं तसंच गाडीत चढतं. तुकडे नसलेलं कोडं ज्या मुलाला मिळतं ते मूल तासभर झटतं आणि आपल्यालाच जमत नाही असं समजून बाजूला ठेवतं. हे मी पाहिलं आहे आणि ते पाहवत नाही.

नवी घ्यायची म्हटली तर घाऊक बाजारातून सर्वांत स्वस्त माल उचलला जातो. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते उगाच नाही: रंगातलं शिसं, सुटे होणारे बारीक भाग, सहज निघणाऱ्या बटण-बॅटऱ्या यांनी लहान मुलांना गंभीर इजा होते. शंभर नग एकदम घेताना ते चिन्ह किती जण बघतात? आपल्या पोरासाठी घेताना बघतो तेवढं तरी बघावं.

"पैसे देऊ नका, दारूत जातात."

हे विधान सर्वांत जास्त पसरलेलं आहे आणि मला सर्वांत जास्त बोचतं. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी जागतिक बँकेसाठी २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या १९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. गरीब कुटुंबांच्या हाती रोख रक्कम दिल्याने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, असं त्यातून निघालं नाही. बऱ्याच ठिकाणी तो थोडा कमीच झालेला दिसला. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं आहेत, ती मीही पाहिली आहेत. पण त्यावरून प्रत्येक गरीब आईबापावर शिक्का मारायचा, आणि तोही त्यांच्याच मुलाला काही देताना, हे कुठल्या न्यायात बसतं?

यात आणखी एक गोष्ट आहे. दिवाळीला लेकराला काहीतरी आणून देणं ही आईबापाच्या मनातली गोष्ट असते. दारात गाडी येते, अनोळखी माणसं मुलाच्या हातात खोकं देतात, आणि बाप मागे उभा राहतो. अमेरिकेत अटलांटा शहरात रॉबर्ट लप्टन नावाचे गृहस्थ वर्षानुवर्षं नाताळची खेळणी गरीब घरांत पोचवत. देणारे घरात आले की बाप मागच्या दाराने निघून जातो, हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा त्यांनी घरोघरचं वाटप थांबवलं आणि जमलेल्या खेळण्यांचं दुकान मांडलं. तिथे आईबाप परवडेल त्या किमतीला स्वतः निवडून खेळणं घेत आणि स्वतःच्या हाताने मुलाला देत. एवढा बदल आपल्याकडच्या कुठल्याही वस्तीत उद्या करता येईल.

"त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू बघा."

बालगृहातल्या मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो टाकणाऱ्यांनी एक कायदा वाचावा. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असा मजकूर किंवा फोटो वर्तमानपत्रात, दृकश्राव्य माध्यमात वा संपर्काच्या इतर कुठल्याही मार्गाने प्रसिद्ध करायला त्यात मनाई आहे. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वस्तीत आईबापांजवळ राहणाऱ्या मुलाला हे कलम दरवेळी लागू होईलच असं नाही. पण ते मूल उद्या कॉलेजात जाणार आहे, आणि त्याच्या हातात खोकं देतानाचा आपला फोटो तेव्हाही कुठेतरी असणार आहे.

"काहीच न देण्यापेक्षा एवढं तरी."

वाद घालताना सगळे शेवटी इथेच येतात. मुलं आपल्यासाठी थांबून राहिली असती तर मी हे मान्य केलं असतं. पण दिवाळीच्या सुमाराला महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांच्या घरात काय चाललेलं असतं ते बघा.

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागांतून दसरा-दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, बऱ्याचदा ती आजारपणात नाहीतर लग्नात खर्चही झालेली असते, आणि ती फेडायला पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर, म्हणजे उसाच्या शेतावर, राहावं लागतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाजरीची पोती, भांडी, कोपीसाठी (राहायच्या झोपडीसाठी) ताडपत्री, शेळ्या, कोंबड्या आणि वर पोरं. वर्गाचं दुसरं सत्र तिथेच सुटतं. फडावर आईबाप पहाटे अंधारात तोडीला जातात, आणि नऊ-दहा वर्षांची बहीण कोपीत तान्ह्याला सांभाळते, पाणी भरते, चूल पेटवते. या मुलांना खेळणं करता येत नाही असं नाही. ज्वारीच्या चिपाडांची बैलगाडी, जू आणि चाकांसकट, ती अशी सफाईने बनवतात की बघत राहावं. त्यांच्याकडे खेळायला वेळ उरत नाही, आणि शाळा उरत नाही.

त्या मुलीला नेमकं काय लागतं? ट्रॉली हलायच्या आत गावातल्या शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालेलं असणं. आईबाप गेल्यावर मूल आजीकडे किंवा नातेवाइकाकडे राहतं आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत त्याच्या जेवणाची सोय होते, अशी ही सरकारी योजना आहे. ती पंधरा दिवस उशिरा सुरू झाली तर मूल फडावर गेलेलं असतं. ज्यांना सोबत न्यावंच लागतं त्यांच्याकडे शिक्षण हमी कार्ड असावं लागतं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत प्रवेश अडत नाही. आणि तिथे कोप्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर साखरशाळा (ऊसतोड मजुरांच्या मुलांची हंगामी शाळा) आणि तान्ह्यांसाठी पाळणाघर लागतं. ही कामं ऑक्टोबरातच करावी लागतात, आणि ऑक्टोबरात गावातला शिक्षक, सरपंच, तालुक्याच्या संस्थेचे कार्यकर्ते शहरातून येणाऱ्या पाहुण्यांच्या वाटपाची तयारी करत असतात: मंडप, यादी, सत्कार, फोटो. म्हणून "एवढं तरी" फुकट पडत नाही. ज्या महिन्यात या मुलांचं वर्ष ठरतं तोच महिना ते घेतं.

फुकट वस्तूंचा दुसरा परिणामही तपासला गेला आहे. टॉम्स या अमेरिकन कंपनीने बुटांची एक जोडी विकली की एक जोडी गरीब मुलाला देण्याची योजना चालवली होती. एल साल्वाडोरमध्ये ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास केला. बूट मुलांना आवडले, त्यांनी ते घातले, पण आरोग्यात किंवा शाळेच्या हजेरीत म्हणावा असा फरक पडला नाही. उलट, घरच्या गरजा बाहेरच्यांनी भागवाव्यात असं म्हणणारी मुलं थोडी वाढली. कंपनीने निष्कर्ष लपवले नाहीत आणि पुढे ती योजना बदलली.

"आपल्या मुलांवर देण्याचे संस्कार होतात" हेही कधी कधी जोडलेलं असतं. होत असतील. पण तो फायदा आपल्या मुलांचा आहे, गरीब मुलांच्या नावावर लिहू नये.

यंदा ज्यांच्याकडे खेळणी जमायला लागलीच आहेत, त्यांनी जवळच्या अंगणवाडीत आधी जावं आणि विचारावं, "ताई, तुमच्याकडे काय कमी पडतंय?" बहुतेक वेळा उत्तर साधं असेल: ठोकळे, मणी, चेंडू, चित्रांची पुस्तकं, बसायला सतरंजी, आणि मुलांशी खेळायला दुपारी कुणीतरी. जमलेलं त्या यादीप्रमाणे निवडावं, मोडकं आपल्याच कचऱ्यात टाकावं, आणि उरलेलं अंगणवाडीच्या कपाटात ठेवावं, म्हणजे मुलं आठवडाभर घरी नेऊन परत आणतील. मुलांना आणायला-न्यायला येणाऱ्या आयांना दाखवावं कसं खेळायचं. ऊसतोडीच्या गावांत पैसे द्यायचे असतील तर शाळा व्यवस्थापन समितीला सप्टेंबरातच भेटून वसतिगृह कधी सुरू होणार ते विचारावं, आणि अनुदान यायच्या आधीचा पहिल्या पंधरवड्याचा किराणा आपण भरतो असं सांगावं. आणि फेब्रुवारीत, दिवाळी नसताना, पुन्हा एकदा जाऊन त्या कपाटातलं काय तुटलंय ते बघावं.