पाहुणे खेळाडू

ऑक्टोबर 2025. गेल्या रविवारी सकाळी फोन उचलला तर शाळेच्या ग्रुपवर एकशे चौदा मेसेज. वाटलं, कुणीतरी गेलं. तसं काही नव्हतं. कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम जवळ आलाय, तालमींत, म्हणजे पेठापेठांच्या संघांत, नोंदणीच्या गप्पा सुरू झाल्यात, आणि परगावचे-परदेशी खेळाडू घ्यावेत की नाही यावरून नेहमीप्रमाणे पेठ पेटली होती. सगळ्यांत वरचा सूर आमच्या मामेभावाचा. "पेठेच्या पोराला बाकावर बसवायचं, नायजेरियाच्या गड्यानं गोल मारायचा आणि आम्ही फटाके उडवायचे? मग इर्षा कशाची करायची, मर्दा?"

मी लिहिलं, "इकडं अमेरिकेत ये, बाहेरचे खेळाडू म्हणजे काय ते दाखवतो."

त्याचं उत्तर आलं, "तू नको बोलू. तूच बाहेरचा."

खाली सतरा हसरे चेहरे. मला त्याचं काही वाटलं नाही, असं मी बायकोला सांगितलं.

पण खरंच, त्यानं एकदा नोव्हेंबरात आमच्या इंडियाना राज्यात यावं. 3 तारखेला कॉलेज बास्केटबॉल सुरू होतंय. आमच्या कॉन्फरन्सचं, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचं, नाव बिग टेन आणि त्यात संघ अठरा. गेल्या वर्षीपासून यूसीएलए, यूएससी, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन आल्यामुळे न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत एकच गल्ली झाली आहे. प्रत्येकाला वीस सामने: तिघांशी दोनदा, उरलेल्या चौदांशी एकदा. मार्चमध्ये अठराच्या अठरा संघ शिकागोत. कोल्हापुरात एका पेठेतून दुसऱ्या पेठेत चालत जाता येतं, आणि तरी मामेभावाला 'बाहेरचा' कोण ते लगेच कळतं. इथं बाहेर म्हणजे नेमकं कुठून, हेच कुणाला सांगता येत नाही.

आता मिशिगन बघा. दोन वर्षांपूर्वी या संघाने 8 सामने जिंकले होते आणि 24 हरले होते. डस्टी मे प्रशिक्षक म्हणून आला आणि पहिल्याच वर्षी 27 विजय, शिवाय कॉन्फरन्सची स्पर्धा खिशात. हा मे आमच्या इंडियानाचा. ब्लूमिंग्टनला, म्हणजे इंडियाना विद्यापीठात, नामवंत प्रशिक्षक बॉब नाइटच्या हाताखाली तो विद्यार्थी-मॅनेजर होता, म्हणजे टॉवेल देणारा आणि व्हिडिओ कापणारा पोरगा. यंदा त्याने पुढची फळी कशी उभी केली? याक्सेल लेंडेबोर्ग अलाबामातल्या यूएबीकडून, मोरेझ जॉन्सन इलिनॉयकडून, सात फूट तीन इंचांचा स्पॅनिश आदाय मारा यूसीएलएकडून. चेंडू हातात ठेवायला एलियट कडो, तो नॉर्थ कॅरोलायनाकडून. यातले दोघे तर ज्यांच्याविरुद्ध आता खेळायचं त्यांच्याच घरातून उचललेले. माझ्या मते कागदावर हा कॉन्फरन्समधला सगळ्यांत दांडगा संघ आहे. अ‍ॅन आर्बरमध्ये, म्हणजे मिशिगनच्या गावात, कुणी "आमच्या गल्लीतल्या पोराचं काय?" म्हणून मोर्चा काढल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

इलिनॉयचं तर विचारूच नका. क्रोएशियाचे इव्हिसिच जुळे भाऊ, एक माँटेनेग्रोचा, एक सर्बियाचा, आणि एनबीए गाजवलेल्या पेजा स्टोयाकोविचचा मुलगा कॅलिफोर्नियातून आलेला. त्यांच्या शॅम्पेन गावच्या मक्याच्या शेतांत बाल्कन भरलंय. प्रेक्षक खुशीत आहेत.

आयोवाने प्रशिक्षक बेन मॅककॉलमला ड्रेककडून आणलं आणि त्याच्यामागोमाग बेनेट स्टर्ट्झ आला. हा पोरगा नॉर्थवेस्ट मिसूरीहून ड्रेक आणि ड्रेकहून आयोवा, असा गुरूच्या पाठोपाठ तिसऱ्या कॉलेजात पोचलाय. याला तुम्ही फितुरी म्हणणार की निष्ठा? मी ग्रुपवर हेच विचारलं. उत्तर आलं नाही.

आणि ब्लूमिंग्टन. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातलं 1976 चं एकही सामना न हरता मिळवलेलं. त्यानंतर पुरुषांत आजपर्यंत कुणालाही ते जमलेलं नाही, आणि 2026 च्या वसंतात त्याला पन्नास वर्षं होतील. तिथं यंदा डॅरियन डेव्ह्रीस नवा प्रशिक्षक, आणि त्याच्या हाताखाली जवळजवळ सगळा संघ नवा. कुणी डेव्हिडसनचा, कुणी ट्रॉयचा, कुणी सॅम ह्यूस्टनचा. प्रशिक्षकाचा मुलगा टकरसुद्धा वेस्ट व्हर्जिनियाहून बापासोबत आलेला. जर्सी तेवढी जुनी, लाल पट्ट्यांच्या पँटी तेवढ्या जुन्या. ऑफिसातला माझा शेजारी तिथला माणूस आहे. त्याने अजून सगळ्यांची नावं पाठ केलेली नाहीत, पण तिकिटं काढून झाली आहेत.

इकडचे म्हातारे यावर कुरकुरत नाहीत असं नाही. भरपूर कुरकुरतात. ते मी ग्रुपवर लिहिलं नाही.

पैशाचंही तसंच. 2025 च्या जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने तडजोड मंजूर केली आणि 2025-26 या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत वाटता येतात. त्याखेरीज 2021 पासून जाहिरातींचे वेगळे, माजी विद्यार्थी जमवून देतात ते वेगळे. आमच्या ग्रुपवरचे एक निवृत्त सर म्हणाले, "म्हणजे विद्या संपली." सर, इथल्या प्रशिक्षकांना लाखो डॉलर मिळत होते तेव्हा विद्या सुखरूप होती आणि पोराला चार पैसे मिळाले की संपली? दहावीला खेळाचे ग्रेस गुण मिळावेत म्हणून प्रमाणपत्रांची जी पळापळ आमच्या वेळी चालायची, ती कुठली विद्या होती? हे मी लिहिलं आणि मग पुसलं. सरांनी मला भूमिती शिकवली आहे.

आता आमच्याविषयी. मी पर्ड्यूचा, म्हणजे इंडियानातल्याच दुसऱ्या विद्यापीठाचा. 2011 साली इथं एमएस करायला आलो, आणि वॉबॅश नदी ओलांडून फार लांब कधी गेलोच नाही. गेल्या आठवड्यात एपी या वृत्तसंस्थेची क्रमवारी आली, पर्ड्यू पहिल्या क्रमांकावर. हंगाम सुरू होण्याआधी पहिला क्रमांक, हे आमच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. कारण ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन हे तिघेही परत आलेत. स्मिथ वेस्टफील्डचा, लॉयर फोर्ट वेनचा, कॉफमन-रेन दक्षिणेकडच्या सेलर्सबर्गचा. तिघेही इंडियानाचे आणि तिघेही पहिल्या दिवसापासून इथेच. कॉलेज बदलायचं पोर्टल उघडं, पैसा मोकळा, तरी गेले नाहीत. स्मिथ सहा फुटांचा आहे, अंगाने आमच्या तालमीतल्या कुठल्याही पोरासारखा. गेल्या वर्षी कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता, आणि बॉबी हर्लीचा 1076 असिस्टचा, म्हणजे ज्यावर बास्केट झाली अशा पासांचा, विक्रम यंदा त्याच्या टप्प्यात आहे. 1993 पासून 2025 पर्यंत कुणी हर्लीला मागे टाकलं नव्हतं.

आमचा प्रशिक्षक मॅट पेंटर स्वतः इथं खेळला आणि 2005 पासून इथेच शिकवतो. तो पोरं वाढवतो, विकत घेत नाही. म्हणून मी म्हणतो की यंदा...

इथे मामेभावाने मला पकडलं. "आयला, म्हणजे तुझा संघ गावातल्या पोरांचा म्हणून तुला आवडतो. मग मी काय वेगळं बोलतोय?"

मी लगेच ऑस्कर क्लफ पुढे केला. सहा फूट अकरा इंचांचा ऑस्ट्रेलियन, साउथ डकोटा स्टेटकडून यंदाच आणलेला. आणि इस्रायलचा ओमेर मायर. हुकलेला चेंडू पकडायला क्लफ नसता तर पहिला क्रमांक मिळाला असता का? मुद्दा बरोबर होता. पण सामन्याआधी दिवे मालवून नावं पुकारतात तेव्हा मॅकीत, म्हणजे आमच्या मैदानात, मी कुणाच्या नावाला उभा राहतो हे मला ठाऊक आहे, आणि त्यालाही आता कळलं होतं.

मग मी दुसऱ्या वाटेने गेलो. म्हटलं, तुमच्याकडं पेठापेठांत हाणामारी होते, बंदोबस्त लागतो. इथं हरल्यावर लोक गुपचूप गाडीत बसतात. 2023 ला आम्ही सोळाव्या, म्हणजे तळाच्या, मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून हरलो, सात फूट चार इंचांचा झॅक ईडी संघात असताना, तरी कुठे काच फुटली नाही. 2024 ला अंतिम सामन्यात कनेटिकटने 75-60 ने लोळवलं, दुसऱ्या दिवशी सगळे कामावर हजर. गेल्या मार्चमध्ये इंडियानापोलिसमध्ये, आमच्याच अंगणात, ह्यूस्टनकडून दोन गुणांनी गेलो. शांतपणे आय-65 हायवे धरून घरी आलो. हे लिहिताना मला एक खुर्ची आठवत होती. 1985 साली पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यात बॉब नाइटने रागाच्या भरात कोर्टावर भिरकावलेली ती लाल खुर्ची. चाळीस वर्षं झाली, आजही इथे लोक ती गोष्ट लेकराला सांगावी तशी कौतुकाने सांगतात. ग्रुपवर कुणाला ती माहीत नाही, मीही सांगितली नाही.

भाकीतच हवं असेल तर घ्या. कॉन्फरन्स पर्ड्यू किंवा मिशिगन. मिशिगन स्टेटला विसरू नका. गेल्या वर्षीही कुणी धरलं नव्हतं आणि त्यांचा प्रशिक्षक इझोने 17-3 करून दाखवलं. यूसीएलएला प्रवास नडेल. राष्ट्रीय विजेतेपद 2000 नंतर 2025 पर्यंत बिग टेनकडे आलेलं नव्हतं, मधे आठ वेळा अंतिम सामन्यात हरलोय. एप्रिल 2026 मधला अंतिम सामना इंडियानापोलिसला आहे, माझ्या घरापासून तासाभरावर. पर्ड्यू तिथवर गेला तर मी महिन्याचा पगार तिकिटावर घालीन.

अर्थात तोवर इथं असलो तर. क्लफ-मायरसारखी बाहेरून आलेली पोरं बहुधा विद्यार्थी व्हिसावर असतात, आणि त्यावर कमाईला सतरा बंधनं. शेजारचा इंडियानाचा पोरगा गाड्यांच्या जाहिराती करतो तेव्हा परदेशी पोराला वकील गाठावा लागतो. टोरॉन्टोच्या ईडीची हीच गंमत झाली होती. अख्ख्या देशात सर्वोत्तम, आणि कमाई करताना हात बांधलेले. चौदा हजार लोक त्याच्या नावाने ओरडत तेव्हा त्या गर्दीत याचा अर्थ पुरता कळणारे माझ्यासारखे थोडेच असतील. ऑक्टोबर 2025 मध्ये माझी ग्रीन कार्डाची रांग 2013 सालात रेंगाळत होती आणि माझा नंबर 2016 चा. सप्टेंबरात नव्या एच-वन-बी नोकरी-व्हिसावर एक लाख डॉलरचा आकार जाहीर झाला, त्या शनिवारी ऑफिसच्या वकिलाचा ईमेल आला: देशाबाहेर असाल तर तातडीने परता. मी देशाबाहेर नव्हतो. तरी बॅग काढून बघितली, का ते माहीत नाही.

मामेभावाला हे सांगून उपयोग नाही. तो म्हणेल, मग ये की परत.

त्याचं पेठेच्या बाकावरच्या पोराविषयीचं दुःख मात्र मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं, कारण तो पोरगा मीच होतो. दोन हंगाम शाहू स्टेडियमवर ट्रॅकसूट घालून बसलो. मला बसवायला नायजेरिया लागला नाही, पलीकडच्या गल्लीतला एक जण पुरला. 

आणि आता जे ग्रुपवर कुणाला ठाऊक नाही ते. गेल्या वर्षी तालमीतून फोन आला होता. "एक आफ्रिकेतला पोरगा मिळालाय, भारी खेळतो, खोलीभाडं आणि मेसचं जरा बघा की, तुम्ही परदेशात आहात." मी पंचवीस हजार पाठवले. इथं बक्कळ पैसा असलेले माजी विद्यार्थी जे करतात तेच, फक्त एका खोलीपुरतं. त्याने केलेला गोल मी पहाटे साडेपाचला फोनवर पाहिला, आवाज बंद करून, बायको झोपली होती म्हणून. सामना संपल्यावर पोरांनी त्याला उचललं, गुलाल उधळला. मी ते दृश्य थांबवून फोटो काढून ठेवलाय. तो खांद्यावर बसलाय, दोन्ही हात वर. खालचा खांदा मामेभावाचा आहे, तोंड एवढं उघडं की दाढेतली चांदी दिसावी.

रविवारी तो फोटो ग्रुपवर टाकायला घेतला होता. मग नाही टाकला. त्या खांद्यावर एकदा तरी बसायला मिळावं म्हणून मी दोन हंगाम बूट घासले होते.