लाइट जात नाहीये

आमच्या लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून पोराने (बंगळुरूला असतो, आयटीत) मुंबईत कुलाब्याला एका एकदम भारीतल्या हॉटेलात दोन रात्रींचं बुकिंग करून दिलं. मी म्हटलं अरे कशाला, दादरला मावसभावाकडे उतरू की, तर म्हणाला बाबा, पैसे नाही गेले, कार्डाचे पॉइंट्स होते. पॉइंट्स म्हणजे फुकट असा अर्थ लावून बायकोने लगेच बॅग भरायला घेतली. त्यात अर्धा किलो भडंग आणि कपडे वाळत घालायची दोरी, हे तिचं प्रवासाचं कायमचं सामान, मग तीर्थक्षेत्र असो नाहीतर फाइव्ह स्टार.

कोल्हापूरहून महालक्ष्मीने सकाळी सीएसएमटीला उतरलो, काळी-पिवळी केली आणि आठच्या ठोक्याला हॉटेलात हजर. आत गेलो तर काउंटरच दिसेना. नसतोच म्हणे. आपल्याला सोफ्यावर बसवतात, गवती चहाचं गार पाणी देतात आणि मग एक मुलगी टॅब घेऊन येते आणि अत्यंत गोड आवाजात सांगते की चेक-इन तीन वाजता. म्हटलं मॅडम, रात्रभर ट्रेनमध्ये होतो, आंघोळ पण नाही. ती म्हणाली शुअर सर, तीन वाजता.

मग काय, बॅगा तिथेच टाकल्या आणि पारोशाने गेटवेवर. तिथे एक गाइड फॉरेनरना सांगत होता ते फुकटात ऐकलं. पंचम जॉर्ज 1911 साली इथे उतरला तेव्हा कमान बांधलेलीच नव्हती, बिचाऱ्याला पुठ्ठ्याचं मॉडेल दाखवून पुढे पाठवलं, खरी कमान उघडली 1924 ला. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं काय सांगू. अर्ली चेक-इन राजाला पण मिळालं नव्हतं! समोर घोड्यावर शिवाजी महाराज, त्यांना नमस्कार केला, एकेक वडापाव खाल्ला, कॉजवेवर बायकोने तीन कानातले घेतले (पाचशे सांगितले, दीडशेला आणले, हे तिने आतापर्यंत अकरा जणांना सांगून झालंय) आणि तीनला पाच कमी असताना पुन्हा सोफ्यावर.

खोली मात्र मान्य केली पाहिजे, देखणी. फक्त तिच्यात काहीच नव्हतं. म्हणजे होतं सगळं, पण लपवलेलं. फ्रीज एका लाकडी फळीच्या मागे, टीव्ही आरशाच्या आत, कपाटाला कडी नाही, संडासाचं दार भिंतीसारखं, ते तर बायको पाठ टेकून उभी राहिली तेव्हा सापडलं, ती थेट आत. केळ्याची साल हातात घेऊन मी दहा मिनिटं डस्टबिन शोधत होतो, शेवटी साल कागदात गुंडाळून परत बॅगेत ठेवली. आमच्याकडे वस्तू लागते म्हणून दिसेल अशी ठेवतात, इथे जितकं महाग तितकं लपवलेलं असा नियम दिसला. जेवणाचंही तेच. खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर असेल अशा हॉटेलातल्या जेवणावर जीएसटी 18 टक्के, आणि तोच डाळ-भात बाहेर रस्त्यावरच्या हॉटेलात 5 टक्क्यांत, हे मेन्यूत कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं. चष्मा लावून वाचलं आणि भडंग काढलं. आता पांढऱ्याशुभ्र गादीवर बसून भडंग खायचं म्हणजे काय टेन्शन असतं ते ज्याने खाल्लंय त्यालाच कळेल, एक शेंगदाणा सांडला तरी बायको असं बघायची जणू मी कुणाच्या लग्नात रंग उडवलाय.

एकच गोष्ट लपवली नव्हती. बाथरूम. पलंग आणि बाथरूम यांच्यामध्ये भिंतच नाही, अख्खी काच! बायको म्हणाली, "अहो, हे बाथरूम आहे का शोरूम?" 25 वर्षांचा संसार झाला म्हणून काय झालं, तिने मला सरळ बाहेर काढलं. मी कॉरिडॉरमध्ये, बनियन आणि बर्म्युडावर, मागे दार आपोआप लॉक. समोरून एक सुटातला जपानी माणूस आला, त्याने कमरेत वाकून नमस्कार केला, मीही वाकून केला, काय करणार. बायकोला आंघोळीला पाऊण तास लागला कारण नळ कळेना, एक गोल फिरवला की छतातून पाऊस, दुसरा फिरवला की भिंतीतून पिचकारी. संध्याकाळी बाहेरून घामाघूम होऊन आलो तेव्हा परत तोच कार्यक्रम. तिसऱ्यांदा जपानी भेटला तर नाव-गाव विचारायचं असं ठरवलेलं.

पण खरी गंमत रात्री. साडेअकराला झोपायला गेलो तर पलंगाच्या वरचा दिवा बंदच होईना. भिंत चाचपली, पलंगाखाली वाकलो, टाळी वाजवून बघितली (असतं म्हणे तसं कुठेकुठे), बायकोने "बंद हो" असं तोंडी पण सांगून बघितलं. मग मला आयडिया सुचली, दाराजवळच्या खाचेतलं कार्ड काढलं. खट्‌, अंधार! आणि एसी पण बंद. मे महिना, मुंबई, खिडकी उघडत नाही. दहा मिनिटांत आम्ही इडलीसारखे वाफवून निघालो. कार्ड घातलं, गार वारा आला, डोळ्यावर सूर्य आला. म्हणजे एकतर उजेडात थंड पडा नाहीतर अंधारात घाम गाळा. असं करत करत दीड वाजला, खाली पब बंद झाले, टॅक्सीवाले हॉर्न द्यायला लागले, तेव्हा मी फोन उचलला.

म्हटलं मॅडम, आमच्या रूममधली लाइट जात नाहीये.

तिकडून अभिमानाने, "हो सर, आपल्याकडे लाइट कधीच जात नाही, चोवीस तास बॅकअप असतो."

म्हटलं अहो तसं नाही, मला ती घालवायचीय!

जरा शांतता. मग म्हणाली, कुणाला तरी पाठवते. आवाजावरून सिक्युरिटी पाठवणार असं वाटलेलं, पण आला एक पोरगा, कडक इस्त्रीचा काळा ड्रेस, "गुड इव्हिनिंग सर, हाऊ मे आय असिस्ट यू" वगैरे. मी माझ्या परीने इंग्रजी सुरू केलं तेवढ्यात त्याचं लक्ष टेबलावरच्या भडंगाच्या पुडीवर गेलं. थबकला. "काका, कोल्हापूर?"

"होय. तू कुठला?"

"गारगोटी की!"

मग काय विचारता. पुडी त्याच्यापुढे केली, त्याने दारातून बाहेर बघून घेतलं आणि एक मूठ मारली. पलंगाच्या उशाशी जे चामड्याचं गुबगुबीत काहीतरी होतं त्याच्या बाजूला नुसता हात नेला, तर तिथे पाच बारीक ठिपके उजळले. "हे मास्टर. दाबायचं नाय काका, नुसतं बोट टेकवायचं. रोज रात्री चार-पाच जण तरी बोलावत्यात." आणि जाता जाता म्हणाला, "आणि ही काच. हे टेकवलं की दुधी होती बघा, मग आतलं काय दिसत नाय." टेकवलं. झाली दुधी.

मी बायकोकडे बघितलं. ती भडंगाच्या पुडीला रबर लावत होती, बराच वेळ लावत होती.

चेक-आउट बाराला, आमची गाडी रात्रीची. अजून दोन तास थांबलो तर चालेल का विचारलं तर त्याचा वेगळा चार्ज. त्याच गाइडकडून ऐकलेलं की ब्रिटिशांची शेवटची पलटण याच गेटवेतून गेली 28 फेब्रुवारी 1948 ला. चेक-आउटचा टाइम 15 ऑगस्ट 47 चा, निघाले सहा महिने उशिरा, आणि त्यांना कुणी चार्ज लावल्याचं काही गाइड बोलला नाही. हे मी त्या टॅबवाल्या मुलीला सांगणार होतो, बायकोने दंड धरून बाहेर आणलं.

घरी येऊन तिसरा दिवस. सकाळी चहा गाळला आणि गाळणीतला चोथा घेऊन उभा राहिलो, तर डस्टबिन जागेवर नाही. ओट्याखाली नाही, दारामागे नाही, बाल्कनीत नाही. हाक मारली तर आतून आवाज आला, "अहो, कपाटात ठेवलाय, डाव्या हाताच्या. कडी ओढू नका, मी काढलीय. नुसतं ढकला."

फ्रीजसाठी पडदा शिवायला टाकलाय म्हणे, परवा मिळेल.