फोर्ड 460 मध्ये म्हणे 150 घोडे लपवून ठेवलेत!

इकडे अमेरिकेतल्या आपल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. ट्रेलर ओढायला जुनी फोर्ड एफ-250 किंवा एफ-350 घेतलीय, बॉनेटखाली 460 बिग ब्लॉक (460 क्युबिक इंचांचं मोठं व्ही-8 इंजिन) आहे, अशा प्रत्येकाला तो दोनदा तरी आला असेल. म्हणणं असं की प्रदूषणाच्या कायद्यामुळे कंपनीने या इंजिनाचे 150 हॉर्सपॉवर काढून घेतले, ते परत मिळवायला 850 सीएफएमचा (मिनिटाला 850 घनफूट हवा घेणारा) कार्बोरेटर टाका, मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाका, सायलेन्सर उडवा, ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करा, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) टकटक ऐकू येईपर्यंत पुढे घ्या आणि 93 ऑक्टेनचं पेट्रोल भरा, की एका वीकेंडात 400 हॉर्सपॉवर आणि ट्रेलर चढावर पळतोय. यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात.

"150 घोडे काढून घेतले."

1968 मध्ये हे इंजिन फोर्डच्याच महागड्या लिंकन गाड्यांमध्ये आलं तेव्हा कागदावर 365 हॉर्सपॉवर होते आणि 1972 ला तोच आकडा दोनशेच्या थोडा वर आला, इथपर्यंत बरोबर. पण मधल्या काळात मोजायची पद्धतच बदलली हे मेसेज सांगत नाही. आधीचा आकडा ग्रॉस, म्हणजे नुसतं इंजिन स्टँडवर चढवायचं, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, आल्टरनेटरचं ओझं नाही, आणि जे येईल ते जाहिरातीत छापायचं. 1972 पासून नेट, म्हणजे सगळं जोडून मोजायचं. लग्नाच्या बायोडेटातलं पॅकेज आणि महिन्याला हातात पडणारा पगार, एवढाच तो फरक. दीडशेतले बरेचसे घोडे मुळात कधी नव्हतेच, मग परत कुठून आणणार?

आता खरा भाग. ताकद थोडी गेलीच होती. कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) साडेदहाच्या आसपास होतं ते साडेआठवर आणि पुढे त्याच्याही खाली आलं, हेडमधली चेंबर मोठी झाली. आणि दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही, ती म्हणजे 1972 पासून क्रँकवरचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावरचं) टायमिंग स्प्रॉकेट, म्हणजे चेनने कॅम फिरवणारं दातेरी चाक, असं बनवलं की कॅम काही डिग्री मागे चालतो. यावर उपाय म्हणजे जुन्या मापाचा, ज्याला इकडे 'स्ट्रेट-अप' म्हणतात तो चेन-स्प्रॉकेटचा सेट. पुढचं कव्हर, वॉटर पंप वगैरे काढायला लागतं, काम कंटाळवाणं आहे, पण खालच्या आरपीएमला जो फरक पडतो तो कार्बोरेटरने पडत नाही. शिवाय बऱ्याच जुन्या 460 मध्ये कॅमच्या स्प्रॉकेटला नायलॉनचे दात असतात, ते म्हातारे झाले की तुटून खाली ऑइल पॅनमध्ये पडतात आणि पंपाच्या जाळीत अडकतात, तेव्हा तसंही ते बदललेलंच बरं. चेन किती ढिली आहे हे घरी बघता येतं: डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन एका दिशेला थोडं फिरवा, मग हळूच उलटं फिरवा आणि रोटर कधी हलतो ते बघा. क्रँक बऱ्याच डिग्री फिरला तरी रोटर ढिम्म असेल तर आधी चेन, बाकीची खरेदी नंतर.

"850 चा कार्बोरेटर टाका."

साधा हिशोब करा राव. क्युबिक इंच गुणिले आरपीएम भागिले 3456. ट्रेलर ओढताना 4500 च्या वर कोणी जात नाही, म्हणजे 460 गुणिले 4500 भागिले 3456, आले साधारण 600 सीएफएम, आणि तेही इंजिन 100 टक्के भरलं असं धरून. जुनं इंजिन 85 टक्के भरलं तरी खूप, म्हणजे 510. मग 850 कशाला? मोठ्या तोंडातून हवा सावकाश जाते, पेट्रोल नीट ओढलं जात नाही आणि अर्ध्या थ्रॉटलला गाडी अडखळते. सहाशे ते साडेसातशेमधला, व्हॅक्यूम सेकंडरीवाला (गरज पडली तरच बाकीची तोंडं आपोआप उघडणारा) कार्बोरेटर पुरे. आणि कोलोराडोकडे जाणाऱ्यांसाठी अजून एक, आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांच्या वर आहे, तिथे विरळ हवेने टर्बो नसलेल्या इंजिनाची जवळपास तीस टक्के ताकद तशीच जाते आणि खाली ह्यूस्टनमध्ये लावलेले मोठे जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी छिद्रं) तिथे नुसता काळा धूर काढतात.

"मोठा कॅम टाका."

सगळ्यात महाग चूक हीच. मोठ्या कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, पिस्टन वर यायला लागला तरी तो उघडाच, मग भरलेलं मिश्रण थोडं परत मागे जातं. साडेदहा कॉम्प्रेशनला हे चालून जातं, आठला अजिबात नाही, आधीच कमी असलेलं कॉम्प्रेशन अजून मेलं. 5000 च्या वर आवाज झकास येईल, पण ट्रेलर 2000 ते 3500 मध्ये ओढला जातो, आणि तिथे गाडी आधीपेक्षा ढिली. कॅम बदलायचाच असेल तर छोटा, टोइंगचा घ्या, 0.050 इंच लिफ्टला 205 ते 215 डिग्रीच्या आसपासचा. आणि हा फ्लॅट टॅपेट कॅम आहे हे विसरू नका, पहिल्यांदा चालू केल्यावर आयडलवर सोडायचा नाही, 2000 च्या आसपास वीस मिनिटं ठेवायचा, झिंक जास्त असलेल्या ऑइलवर. नाहीतर लोब घासून जातात आणि तो चुरा बेअरिंगमध्ये.

"सायलेन्सर उडवा."

एक्झॉस्ट मोकळा करावा हे मान्य. पण अडथळा बहुतेक वेळा सायलेन्सरमध्ये नसतो, तो असतो कंपनीच्या मॅनिफोल्डमध्ये (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या ओतीव नळीत), आणि हेडच्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये, जिथे थर्मॅक्टरची (धूर पूर्ण जळावा म्हणून हवा सोडणाऱ्या फोर्डच्या यंत्रणेची) हवा सोडायला आत एक उंचवटा ठेवलेला आहे. हेड कधी उतरवलंच तर जाणकार लोक तो घासून काढतात. बाकी पावणेदोन इंची नळ्यांचे लांब हेडर (मॅनिफोल्डच्या जागी बसतात ते) आणि दोन्ही बाजूंना अडीच इंची पाइप, व्यवस्थित सायलेन्सरसकट, एवढं केलं तरी बास. नुसते पाइप कापून शेजाऱ्यांच्या शिव्या तेवढ्या मिळतात.

"ईजीआर बंद करा."

पूर्ण थ्रॉटलला ईजीआर बंदच असतो, त्यामुळे काढून ताकद शून्य मिळते. वर तो काढणं फेडरल कायद्याने बेकायदेशीर, आणि कॅलिफोर्नियात 1976 किंवा पुढची गाडी असेल तर स्मॉग चेकमध्ये (प्रदूषण तपासणीत) लगेच सापडणार.

"टायमिंग पुढे, पेट्रोल 93."

ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, नॉकिंगला (मिश्रण आपोआप पेटून होणाऱ्या टकटकीला) दाद न देण्याची क्षमता. आठ कॉम्प्रेशनच्या चांगल्या इंजिनाला 87 पुरतं (इथलं 87 म्हणजे भारतातल्या मोजायच्या पद्धतीने साधारण 91). टायमिंगमध्ये मात्र खरंच थोडं मिळतं, पण टकटक ऐकू येईपर्यंत पुढे न्या हा सल्ला रिकाम्या गाडीसाठी ठीक, मागे 8000 पाउंड असताना नाही. भर उन्हात चढावर, काचा बंद, एसी चालू, फॅनचा घोंघाट, यात नॉकिंग ऐकू येत नाही, ते कळतं तेव्हा पिस्टनची रिंग लँड (रिंगा धरून ठेवणारी कड) तुटलेली असते. टायमिंग लाइटने बघा, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून पूर्ण अ‍ॅडव्हान्स 34-36 डिग्रीच्या पुढे नको, आणि ओझं ओढताना टकटक वाटली तर तिथूनही दोन मागे.

आता ज्याने खरा फरक पडतो आणि मेसेजमध्ये जे नाहीच, ते म्हणजे मागच्या डिफरन्शियलचा रेशो (चाक एकदा फिरायला शाफ्ट किती वेळा फिरतो ते). 6000 पाउंडांची गाडी, 8000 पाउंडांचा ट्रेलर, 6 टक्के चढ, 55 मैल वेग. नुसतं वर चढायलाच 123 हॉर्सपॉवर लागतात, हवा आणि टायरचं धरून चाकाला 180 च्या आसपास, म्हणजे इंजिनाला दोनशेच्या वर. या ट्रकांमधलं साधारण 230 हॉर्सपॉवरचं 460 इंजिन ते देऊ शकतं, पण 3600 च्या जवळपास फिरलं तरच. सी-6 (फोर्डचा तीन गिअरांचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, 235/85 आर 16 टायर आणि 3.55 चा रेशो असेल तर तिसऱ्या गिअरला तुम्ही 2070 वर रडताय आणि दुसऱ्याला 3020 वर. तोच रेशो 4.10 केला की दुसऱ्या गिअरला 3490, म्हणजे इंजिनाची ताकद जिथे आहे बरोबर तिथे, आणि तिसऱ्यातही चाकावरचा टॉर्क पंधरा टक्के जास्त, इंजिनाचा एक नटही न हलवता. तोटा आहेच, मोकळ्या रस्त्यावर 65 ला इंजिन 2800 च्या वर फिरणार आणि आधीच कमी असलेलं अ‍ॅव्हरेज अजून पडणार. फोर-बाय-फोर असेल तर पुढचा रेशोही सोबत बदलावा लागतो, बिल जवळपास दुप्पट होतं, त्यामुळे गॅरेजवाल्याला भाव विचारताना दोन्ही अ‍ॅक्सलचा विचारा आणि त्याच फेरीत ऑटोमॅटिकच्या ऑइलला वेगळा कूलर लावून घ्या.