ग्रेट निकोबार रिकामं नाही

मराठी ग्रुपांवर ग्रेट निकोबारबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: देशाच्या दक्षिण टोकाचं हे बेट जवळजवळ निर्जन आहे. जंगलात दोनशेएक पाषाणयुगीन आदिवासी आहेत, बाकी कुणी नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी बंदर, विमानतळ आणि शहर उभं केलं की आपलं स्वतःचं सिंगापूर तयार. जमीन लागणार ती बेटाच्या जेमतेम अठरा टक्के, आणि स्थानिकांनी संमती तर दिलेलीच आहे.

बंदर हवं की नको, नौदलाची गरज काय, यावर जरूर वाद व्हावा. पण तो खऱ्या बेटाबद्दल व्हायला हवा, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"बेट निर्जन आहे." २०११ च्या जनगणनेत इथे सुमारे आठ हजार माणसं नोंदली गेली. क्षेत्रफळ साधारण ९१० चौरस किलोमीटर. भागाकार केला की चौरस किलोमीटरला नऊ माणसं येतात, आणि हाच आकडा 'निर्जन' म्हणून फिरतो. बेटाची रचना पाहिली की तो किती फसवा आहे ते कळतं. आतला बहुतेक भाग डोंगर आणि घनदाट सदाहरित जंगल आहे. माउंट थुलियर ६४२ मीटर उंच आहे, निकोबार बेटांमधलं ते सर्वांत उंच शिखर. गॅलाथिया, अलेक्झांड्रा, डोगमार या नद्या याच डोंगरांतून उतरतात. सपाटी मिळते ती किनाऱ्यालगत आणि नद्यांच्या मुखाशी, त्यामुळे शेती आणि वस्ती बहुतेक तिथेच.

शिवाय पश्चिम आणि दक्षिण किनारा आज ओस दिसतो, तो मुळात ओस नव्हता. तिथे किनाऱ्यावर राहणाऱ्या निकोबारी आदिवासींची गावं होती, नारळाच्या बागा होत्या, डुकरं मोकळी फिरत, होड्या दारासमोरच्या वाळूवर ओढलेल्या असत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने ती गावं धुऊन नेली. जे वाचले त्यांना पूर्व किनाऱ्यावरच्या कॅम्पबेल बे इथे छावण्यांत आणलं गेलं आणि पुढे राजीवनगर आणि न्यू चिंगेन या वसाहतींत पक्की घरं दिली गेली. घर मिळालं, पण बाग नाही, डुकरांना जागा नाही, स्वतःचा किनारा नाही. आम्हाला आमच्या गावी परत जाऊ द्या, अशी मागणी ही माणसं तेव्हापासून करत आली आहेत. ज्यांना परत जायचं आहे त्यांच्या गावाला 'रिकामी जागा' म्हणणं हा सरळसरळ अन्याय आहे.

"फक्त अठरा टक्के." आकडा बरोबर आहे. बंदर, विमानतळ आणि शहराच्या या सरकारी प्रकल्पाची जमीन १६६ चौरस किलोमीटर, त्यातली सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन. पण कुठले अठरा टक्के? डोंगरमाथ्यावर धावपट्टी होत नाही आणि दरीत बंदर होत नाही. प्रकल्पाला हवी ती दक्षिण आणि आग्नेय किनाऱ्याची, गॅलाथियाच्या मुखाची, बेटावर दुर्मीळ असलेली सखल जमीन. माणसांनाही तीच लागते आणि कासवांनाही. गॅलाथिया उपसागराच्या वाळूत लेदरबॅक ही जगातली सर्वांत मोठी समुद्री कासवं अंडी घालायला येतात. तिथलं अभयारण्य जानेवारी २०२१ मध्ये रद्द करण्यात आलं. दुसरं म्हणजे, बेटाचा सुमारे ७५१ चौरस किलोमीटर भाग १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमावलीखाली राखीव आहे आणि प्रकल्पासाठी त्यातले ८४ चौरस किलोमीटर वगळायचे ठरले. पडीक जमिनीला कुणी असं संरक्षण देत नाही.

"पाषाणयुगीन आदिवासी." बेटाच्या जंगलात राहणाऱ्या शॉम्पेन लोकांबद्दल हा शब्द वापरणाऱ्यांनी त्यांचं जेवण कसं तयार होतं एवढं तरी पाहावं. त्यांचं मुख्य अन्न म्हणजे आपल्या केवड्याच्या कुळातल्या एका झाडाचं फळ. फणसासारखं मोठं, वेगवेगळ्या कठीण गऱ्यांचं. हे फळ झाडाच्या सालीच्या भांड्यात बराच वेळ शिजवतात, मग गऱ्यांच्या चिवट धाग्यांतून गर खरवडून काढतात. कुठल्या ओढ्याकाठी ही झाडं आहेत, कुठली कधी पिकतात, हे सारं त्यांना पाठ असतं. ते केवड्याच्या, सुरणासारख्या कंदांच्या, लिंबांच्या बागा राखतात, डुकरं पाळतात, शिकार करतात, आणि ठरावीक पट्ट्यात मुक्काम हलवत राहतात. ज्याला आपण मोकळं जंगल म्हणतो ती त्यांची बागायत आहे. किनाऱ्यावरच्या निकोबारींशी त्यांची देवाणघेवाण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, म्हणजे 'जगाशी संबंधच नाही' हेही खरं नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सात शॉम्पेनांनी पहिल्यांदा मतदान केलं. आपल्याच काळात, आपल्याच देशात राहणारे हे नागरिक आहेत.

त्यांची संख्या २०११ मध्ये २२९ होती. 'एवढ्याशा लोकांसाठी काय अडवता?' असं विचारणाऱ्यांना मला हेच सांगायचं आहे की संख्या एवढी कमी असल्यानेच धोका मोठा आहे. बाहेरच्या साध्या आजारांशी लढायची प्रतिकारशक्ती त्यांच्यात कमी आहे. एक साथ आली तरी सबंध समाज संपू शकतो. आणि योजना तर तीस वर्षांत बेटाची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास नेण्याची आहे.

"बाकी कुणी नाही." हे वाक्य निदान मराठी माणसाने तरी पुढे पाठवू नये. १९६९ पासून सरकारनेच या बेटावर माजी सैनिकांची सुमारे ३३० कुटुंबं वसवली. पंजाब, महाराष्ट्र, केरळ, तामिळनाडू, आंध्र, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून ती आली. सीमेवरच्या बेटावर भरवशाची माणसं हवीत, हा त्यामागचा विचार. त्यांनी जंगल साफ करून भातखाचरं काढली, नारळ-सुपारी लावली. जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गोविंदनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर ही गावं त्यांचीच. त्सुनामीत त्यांची माणसं गेली, किनाऱ्यालगतची शेतं पाण्याखाली गेली, आणि आता गांधीनगर-शास्त्रीनगरच्या बाजूची जमीन विमानतळासाठी मागितली जाते आहे. यांच्यातल्या अनेकांना रस्ता, दवाखाना, बेटाबाहेर जायला खात्रीची बोट-विमानं हवी आहेत, कामधंदाही हवा आहे. त्यांची ही मागणी रास्त आहे. मोबदला किती आणि जायचं कुठे, हे विचारण्याचा हक्कही त्यांना आहे. देशाच्या नावाने ज्यांना तिथे पाठवलं त्यांनाच देशाच्या नावाने मोजायचं विसरणं मला सहन होत नाही.

"आपलं सिंगापूर." आकाराने ग्रेट निकोबार सिंगापूरपेक्षा मोठं आहे, तेवढं साम्य मान्य. पण हे बेट ज्या भेगेशेजारी आहे तिथेच भारतीय भूपट्ट दुसऱ्या पट्टाखाली सरकतो. भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याच्या क्षेत्रात ते येतं. २००४ च्या भूकंपात बेटाचं दक्षिण टोक सुमारे सव्वाचार मीटर खचलं. त्या टोकावरच्या इंदिरा पॉइंटचं दीपगृह त्याआधी कोरड्या जमिनीवर होतं, त्यानंतर त्याच्या पायथ्याशी समुद्र आला. बंदराची जागा याच टोकाजवळ आहे. तिथे शहर वसवायचं तर आधी याचं उत्तर द्यावं लागेल.

झाडांचं थोडक्यात सांगतो. सरकारी अंदाजानुसारच ९.६४ लाख झाडं जाऊ शकतात, आणि त्या बदल्यातलं वनीकरण ठरलं ते हरियाणात. निकोबारचं सदाहरित जंगल हरियाणाच्या कोरड्या जमिनीत उगवत नाही, हे सांगायला वनस्पतिशास्त्र लागत नाही.

राहिला संमतीचा मुद्दा, आणि माझ्या मते हाच सर्वांत गंभीर आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये लिटल आणि ग्रेट निकोबारच्या आदिवासी परिषदेने ना-हरकत पत्र दिलं होतं, हे खरं. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच परिषदेने ते लेखी परत घेतलं. आमच्या त्सुनामीपूर्व गावांच्या जमिनी प्रकल्पात जाणार आहेत हे आम्हाला सांगितलंच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. पूर्ण माहिती न देता घेतलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही. 'स्थानिक तयार आहेत' असं ज्यांना पुढे पाठवायचं असेल, त्यांनी ऑगस्टच्या पत्राबरोबर नोव्हेंबरचं पत्रही पाठवावं.